सापाच्या ताटातले उंदीर

पाळीव प्राणी : प्रश्न वाचकांचे

या महिन्याच्या टपालात कुत्र्या-मांजरांना सुट्टी आहे. साप पाळणाऱ्या काही वाचकांनी लिहिलंय, बहुतेक परदेशातून, आणि सगळ्यांचा रोख सापावर नसून सापाच्या जेवणावर आहे. घरी वाढवलेल्या उंदरांना माइट (गोचिडाच्या कुळातले, ठिपक्याएवढे बारीक जीव), उवा, जंत होऊ नयेत म्हणून काय करायचं, आणि झालेच तर ते सापाला लागतात का? माझी सगळी नोकरी एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात, पशुवैद्य म्हणून, उंदरांच्या खोल्यांमध्ये गेली. सापांची ओळख पुढे झाली. त्यामुळे मधेच उंदरांची बाजू घेऊन बोलले तर चालवून घ्या.

न्यू जर्सीहून एक वाचक : दोन बॉल पायथन (आफ्रिकेतले छोटे अजगर) आहेत. विकतचे रॅट (मोठ्या जातीचे उंदीर) महाग पडतात म्हणून बेसमेंटमध्ये स्वतःच वाढवतो. महिनाभर बायकोच्या कमरेवर आणि मनगटांवर लाल, खाजरे फोड येताहेत. पेस्ट कंट्रोलवाल्याला ढेकूण सापडले नाहीत. रॅटच्या टबांच्या कडेला मात्र बारीक काळपट ठिपके हलताना दिसले. हे सापाचे माइट असतील का? काय फवारू?

आधी फवाऱ्याचा डबा खाली ठेवा. वर्णनावरून मला हे सापाचे माइट वाटत नाहीत. उंदरांवरचा एक माइट आहे, ऑर्निथोनिसस बॅकोटाय. इंग्रजीत त्याला ट्रॉपिकल रॅट माइट म्हणतात, पण नावावर जाऊ नका, थंड देशांतल्या गरम घरांतही तो मजेत राहतो. हा उंदराच्या अंगावर मुक्काम करत नाही. दिवसा भुशात, टबच्या कडेखाली, रॅकच्या सांध्यात, भिंतीच्या फटीत बसतो, आणि रक्त प्यायला तेवढा उंदरावर चढतो. म्हणूनच तुम्हाला रॅट ‘चांगले’ दिसतात आणि खाज सुटते ती तुमच्या बायकोला. उंदीर कमी पडले किंवा लांब गेले की तो माणसावर येतो आणि कपडे घट्ट बसतात तिथे चावतो. माणसावर त्याची वस्ती होत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी खाजेवर औषध दिलं तरी मूळ बेसमेंटमध्येच राहतं.

ओळखायचं कसं? रात्री टॉर्च घेऊन टबची कड पांढऱ्या टिश्यूने पुसा. ठिपका चिरडल्यावर लाल रेघ उठली तर तो रक्त पिणारा आहे. सापाचा माइट, ओफिओनिसस, दिसायला याचा भाऊच, पण त्याच्या जागा वेगळ्या : सापाच्या डोळ्याभोवतीची खाच, हनुवटीखालची घडी, आणि पाण्याच्या भांड्यात बुडून मेलेले काळे कण. तुमचे साप तासन् तास पाण्यात बसत नसतील आणि भांड्याचा तळ स्वच्छ असेल, तर संशय रॅटच्या रॅकवरच घ्या.

तिसरी जात उंदराच्या केसांत राहणाऱ्या माइटची. रॅटवर राडफोर्डिया, पांढऱ्या माइसवर, म्हणजे छोट्या उंदरांवर, मायोबिया आणि मायोकॉप्टीस. हे माणसाला चावत नाहीत, सापावर जगत नाहीत. पण उंदीर मान आणि खांदे ओरबाडून घेतो, जखमा चिघळतात, माद्या पिल्लं नीट वाढवत नाहीत. डोळ्यांनी हे माइट सहसा दिसत नाहीत. प्राणीगृहात आम्ही एक सोपी गोष्ट करायचो : नुकताच मेलेला उंदीर काळ्या कागदावर ठेवायचा, कागदाच्या चारी कडांना चिकटपट्टी उलटी लावायची. अंग गार पडू लागलं की माइट केसांच्या टोकाला येतात आणि घर सोडून निघतात. तास-दोन तासांनी भिंग घेऊन पट्टी पाहिली की सगळी हजेरी लागलेली असते. तुम्ही तर उंदीर फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी मारताच; दर खेपेला त्यातला एक या कागदावर ठेवा.

आता उपाय. भुसा सगळा बाहेर, पिशवीची तोंडं बांधून. टब, झाकणं, बाटल्या गरम साबणाच्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. रॅक भिंतीपासून ओढून सांधे व्हॅक्यूम करा आणि व्हॅक्यूमची पिशवी लगेच घराबाहेर काढा. खोलीला औषध मारायचंच असेल तर परवानाधारक माणसाकडून, साप आणि रॅट दोन्ही दुसरीकडे हलवून. कीटकनाशकाच्या टांगायच्या पट्ट्या बंद बेसमेंटमध्ये लावू नका; त्यांची वाफ तुम्हाला, रॅटला आणि सापाला सारखीच लागते. उंदरांना सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन हे माइट मारणारं औषध लागेल, ते पशुवैद्याकडून, वजनावर मोजून, एकाच दिवशी सगळ्यांना. दूध पिणारी पिल्लं असलेल्या माद्यांबद्दल वेगळं विचारा, कारण आयव्हरमेक्टिन नवजात पिल्लांच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि ती दगावतात. औषध अंड्यांवर चालत नाही म्हणून पुन्हा द्यावं लागतं. रक्त पिणाऱ्या बॅकोटाय माइटचं अंडं ते प्रौढ हे चक्र उबदार खोलीत दोन आठवड्यांतच पुरं होतं, तेव्हा दुसरी मात्रा ‘जमेल तेव्हा’ चालणार नाही.

औषध दिलेले रॅट सापाला घालू नका. किती आठवडे, ते औषध देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. तोवर विकतचे गोठवलेले आणा, किंवा काहीच घालू नका. धडधाकट मोठा बॉल पायथन महिनाभर उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते मालकाचं. घरात कासव असेल तर आयव्हरमेक्टिनची बाटली त्याच्या आसपासही नको. कासवांना ते मारक आहे.

आणि खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत : हे आले कुठून? घरात जन्मलेल्या रॅटला माइट आपोआप होत नाहीत. एक तर भिंतीत रानटी उंदीर आहे, नाहीतर नव्याने आणलेल्या मादीबरोबर आले, नाहीतर दुकानात उघड्या पडलेल्या भुशातून. बेसमेंटमधले पाइप भिंतीत शिरतात त्या जागा, ड्रायरची नळी, दाराखालची फट बघा. 6 मिलिमीटरच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. स्टील वूल कोंबा, वरून बारीक जाळी ठोका. भिंतीतल्या उंदराला विष घातलंत तर तो आत मरेल आणि त्याचे माइट तुमच्या पलंगाकडे निघतील, म्हणून आधी सापळा, मग बुजवणं. नवी जनावरं दुसऱ्या खोलीत चार आठवडे ठेवा. मायोबियाचं एक चक्र सुमारे 23 दिवसांचं; आठवडाभर वेगळं ठेवून ‘स्वच्छ’ म्हटलेल्या मादीने अख्खी खोली बिघडवलेली मी पाहिली आहे. भुसा बंद डब्यात ठेवा, नवी पिशवी आणली की वापरण्याआधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये टाका. देवदार आणि पाइनचा वासाचा भुसा मात्र माइट पळतील या आशेने घालू नका. त्यातल्या तेलांनी उंदरांचं श्वसन बिघडतं. ॲस्पेन किंवा कागद बरा.

लेस्टरहून एक वाचक : माझा कॉर्न स्नेक ठणठणीत आहे, पण सहज म्हणून विष्ठा तपासली तर अहवालात ‘पिनवर्मची अंडी, माइटची अंडी’ आलंय. माइस मी घरीच वाढवते. सापाला जंताचं औषध सुरू करू? सगळे माइस टाकून देऊ?

दोन्ही नको, निदान इतक्यात नको. अहवालातली अंडी बहुधा तुमच्या सापाची नाहीतच. उंदराच्या आतड्यात पिनवर्म, म्हणजे बारीक धाग्यासारखे जंत, होते, केसांना माइटची अंडी चिकटलेली होती, सापाने उंदीर गिळला, मांस पचलं, केस आणि अंडी तशीच पलीकडून बाहेर पडली. लग्नात जेवून जाणाऱ्या अनोळखी पाहुण्यासारखी ती : पंगतीत दिसली, म्हणून घरची होत नाहीत. पिनवर्म हे कासव आणि सरड्यांमध्ये नेहमीचे. उंदीर खाणाऱ्या सापात दिसले की आधी उंदराकडे बोट दाखवायचं.

खात्री करायची तर पुढची दोन-तीन जेवणं खात्रीच्या ठिकाणच्या गोठवलेल्या माइसची द्या आणि मग विष्ठा पुन्हा तपासा. अंडी नाहीशी झाली तर साप निर्दोष. हीच गोष्ट क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) या पोटातल्या एकपेशी परजीवीच्या बाबतीत जास्त महत्त्वाची आहे. उंदराच्या जातीचा क्रिप्टो सापातून नुसता जातो. सर्पेंटिस नावाचा सापाचा स्वतःचा क्रिप्टो मात्र जठर सुजवतो, गिळलेला उंदीर काही दिवसांनी उलटून पडतो, अंगाच्या मध्यावर गाठ दिसते, आणि त्यावर भरवशाचा इलाज नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फसगत होते. केवळ त्या अहवालावर साप ‘झोपवण्याचा’ सल्ला कुणी दिला तर आधी पीसीआर, म्हणजे जनुकांवरून नेमकी जात ओळखणारी, चाचणी मागा.

पण पत्र संपलं असं समजू नका, कारण अहवालाने तुमच्या माइसचं गुपित फोडलंय. माइसमधले पिनवर्म मुख्यतः दोन. सायफेशियाची मादी गुदद्वाराबाहेर येऊन अंडी चिकटवते, ती काही तासांतच दुसऱ्याला लागण करू शकतात. ॲस्पिक्युल्युरिस आतच अंडी घालतो, ती लेंड्यांतून बाहेर येतात आणि तयार व्हायला आठवडाभर घेतात. म्हणून पिंजरा दर आठवड्याला बदलणाऱ्याकडे दुसरा हटतो, पहिला हटत नाही. सायफेशियासाठी पारदर्शक सेलोटेप शेपटीखाली दाबून काचपट्टीवर लावा आणि तुमच्या पशुवैद्याला बघायला द्या. लेंड्या तपासून तो सापडेलच असं नाही, आणि पुष्कळ लोक फक्त लेंड्या पाठवून निर्धास्त होतात.

बऱ्याच माइसना पिनवर्मचा उघड त्रास नसतो. वाढ मंदावते, लहान वयात गुदद्वार बाहेर येतं, बाकी सगळं बरं दिसतं. संशोधन संस्थांत फेनबेंडाझोल घातलेलं खाद्य काही आठवडे देतात. तुम्हालाही डॉक्टर तेच सुचवतील. औषधाने पोटातले जंत जातात, टबच्या कडेवरची अंडी जात नाहीत. अल्कोहोल आणि नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी जुमानत नाहीत, ती मरतात उष्णतेने. चटका बसेल इतकं गरम पाणी, मग पूर्ण वाळवणं, आणि हे सगळं औषध चालू असतानाच. अंडी धुळीबरोबर उडतात, म्हणून कोरडा भुसा झटकू नका. आधी थोडं पाणी शिंपडून मग गोळा करा. औषधाचं खाद्य चालू असेपर्यंत आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या माइसवर सापाचा हक्क नाही.

अहवालात ‘हायमेनोलेपिस नाना’ आला असता तर मी वेगळ्या आवाजात बोलले असते. तो बुटका पट्टकृमी माणसालाही होतो, मुलांना जास्त, आणि त्याला मधल्या किड्याची गरजही लागत नाही. शिवाय पिठातले लाल किडे त्याला वाहून नेतात, तेव्हा उंदरांचं धान्य उघड्या पोत्यात ठेवू नका.

पुण्याहून एक वाचक : घरी बॉल पायथन आहे. मार्केटयार्डाजवळ पिंजऱ्यात पकडलेले उंदीर फुकट मिळतात. रानात साप तेच खातात ना? फ्रीझरमध्ये ठेवून दिले तर चालतील का?

नाही. पिंजऱ्यात सापडलेल्या उंदराने आधी काय खाल्लंय ते तुम्हाला माहीत नाही. बाजाराच्या आसपास ब्रोमाडायलोन किंवा झिंक फॉस्फाइडची आमिषं पडलेली असतात, आणि फ्रीझर विष काढत नाही. लेप्टो पावसाळ्यात आपल्याकडे दर वर्षी बातम्यांत असतो. तो उंदराच्या मुतातून येतो, आणि त्या उंदराला हाताळणार तुम्ही आहात, साप नव्हे. पिसवा तर असतातच. 1896 मध्ये मुंबईत मांडवीपासून प्लेग पसरला तेव्हा उंदीर मरताना लोकांना दिसत होते. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये पिसू आहे हे 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं. गार पडलेल्या उंदरावरून पिसू उठते आणि जवळच्या उबदार अंगाकडे जाते. फ्रीझरपर्यंत पिशवी नेणारं ते उबदार अंग तुमचं.

आता ‘रानात खातात ना’ बद्दल. खातात, आणि रानातले साप जंतांनी भरलेले असतात. आशियातल्या अजगर आणि उंदीर या जोडीवरच जगणारा सार्कोसिस्टिस सिंगापुरेन्सिस नावाचा परजीवी आहे : उंदराच्या स्नायूंत गाठी करतो, अजगराच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून पुन्हा उंदराकडे. रानात साप विष्ठा टाकतो आणि पुढे सरकतो. तुमचा साप तीन-चार फुटांच्या पेटीत त्याच विष्ठेच्या शेजारी राहतो, म्हणून ओझं वाढत जातं. रानटी रॅटच्या यकृतावर पांढरट पिवळ्या रेघा दिसल्या तर ती बहुधा कॅपिलेरिया हेपॅटिकाची अंडी. उंदीर जिवंत असेपर्यंत ती यकृतातच अडकलेली असतात; त्याला कुणी खाल्लं की विष्ठेतून बाहेर पडून मातीत तयार होतात. म्हणजे तुमचा अजगर आजारी न पडताही ती अंडी तुमच्या घरात पसरवेल.

जाता जाता कायद्याचं. धामण, नाग, भारतीय अजगर यांपैकी काहीही घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. नोंद नसेल तर उंदरांची चिंता नंतर करा.

मेलबर्नहून एक वाचक : परवाना घेऊन कार्पेट पायथन पाळलाय, शेडमध्ये रॅट वाढवतो. कॅनबेरातल्या बाईच्या मेंदूत अजगराचा जंत निघाला ती बातमी वाचून घरचे म्हणतात सगळं बंद करा. काय सांगू त्यांना?

बातमी खरी आहे. 2022 मध्ये कॅनबेरात शस्त्रक्रिया करताना एका 64 वर्षांच्या बाईंच्या मेंदूतून 8 सेंटिमीटरचा जिवंत जंत काढला, नाव ओफिडास्कॅरिस रॉबर्टसाय. माणसातली ही पहिलीच नोंद, ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. या जंताचं घर कार्पेट पायथनच्या पोटात. अंडी अजगराच्या विष्ठेतून पडतात, गवतात-पाल्यात मिसळतात, छोटे सस्तन प्राणी ती खातात, त्यांच्या अंगात अळ्या वाढतात, आणि अजगर त्या प्राण्याला गिळतो. त्या बाई तळ्याकाठची रानभाजी खुडून आणत, तिथे अजगरांचा वावर होता. भाजीबरोबर अंडी पोटात गेली असावीत असा डॉक्टरांचा कयास आहे.

घरच्यांना हे चक्र कागदावर काढून दाखवा आणि विचारा, आपल्या शेडमध्ये ते कुठे जोडलं जातं? अजगराची विष्ठा उंदरापर्यंत पोचली तरच. लोक उंदराकडून सापाला काय लागेल याची काळजी करतात, आणि सापाकडून उंदराला जाणारा रस्ता सताड उघडा ठेवतात. एकच चिमटा, एकच बादली, एकच जोडी हातमोजे. सापाची पेटी पुसली, तोच बोळा रॅटच्या पाण्याच्या बाटलीला. आमच्या प्राणीगृहात मैल्या बाजूला गेलेला माणूस त्या दिवशी चोख बाजूला परत येत नसे. वरिष्ठ असला तरी नाही, आणि त्यावरून भांडणंही होत. तुम्हाला एवढं लागणार नाही. सकाळी आधी रॅट, मग साप, मग हात धुऊन बाहेर. सामान दोन रंगांचं घ्या. शेडच्या चपला वेगळ्या. सापाची विष्ठा कंपोस्टमध्ये, भाजीच्या वाफ्यात किंवा रॅटच्या खाद्यासाठी घास कापता त्या हिरवळीवर टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्यात.

मांजराचंही हेच. शेडमध्ये मांजर येत असेल आणि भुशात घाण करत असेल तर रॅटच्या यकृतात वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतील, आत वळलेली अळी. तो मांजराचा पट्टकृमी. सापाला त्याने काही होत नाही, पण तुमचा भुसा कुणाच्या पायाखाली आहे ते कळतं. महिन्यातून एखादा रॅट सापाला देण्याआधी उघडून त्याचं यकृत बघायची सवय लावा, आणि बाकीचे उणे 18 अंशांवर महिनाभर ठेवून मगच वापरा. अळ्या, गाठी, माइट, उवा यांचा तेवढ्यात निकाल लागतो.

दुबईहून एक आई : मुलगा कॉर्न स्नेकसाठी गोठवलेले माइस आणतो आणि आमच्याच फ्रीझरमध्ये आइस्क्रीमशेजारी ठेवतो. गोठवलेले आहेत म्हणजे त्यात काही जिवंत नसतं, असं त्याचं म्हणणं.

जंतांपुरतं त्याचं बरोबर आहे, साल्मोनेलापुरतं चूक. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, थांबतो. अमेरिकेत 2010 आणि 2014 मध्ये सापांसाठीच्या गोठवलेल्या उंदरांवरून माणसांत साथी आल्या, ब्रिटनमध्ये 2015 पासून असेच रुग्ण नोंदले गेलेत. त्यांत लहान मुलं बरीच. झाकणाचा वेगळा डबा, जमलं तर वेगळा छोटा फ्रीझरच. उंदीर बंद पिशवीत घालून, पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात सोडून वितळवायचा. ते भांडं, चिमटा आणि स्पंज स्वयंपाकघरात परत यायचे नाहीत. ओटा वापरलाच तर नंतर साबण, मग ब्लीच. हात त्याने धुवायचे, तुम्ही आठवण करायची. मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही : कुठे शिजतो, कुठे गार राहतो, पुष्कळदा फुटतो, आणि तो पुसायला मुलगा येणार नाही.